माहितीची आवक : सेकंदाला किती?

विंचूर हे नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील गाव. लासलगाव कृषी उत्पन्न बाजार समितीचा उपबाजार येथे भरतो. कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टर आणि पिकअप यांच्या रांगा लागतात, गाड्या भुईकाट्यावर चढतात, लिलाव पुकारले जातात. अशा बाजारात दोन प्रश्न नेहमी ऐकू येतात. "आज आवक किती झाली?" हा पहिला, आणि "तासाला किती माल निघतो?" हा दुसरा. पहिल्याचे उत्तर क्विंटलमध्ये येते. दुसऱ्याचे उत्तर येते ते दर तासाला इतके क्विंटल असे. पहिली राशी आहे साठ्याची, तर दुसरी आहे वेगाची. बाजारातील कोणीही माणूस या दोहोंची गल्लत करीत नाही.

संगणक आणि मोबाइल यांच्या बाबतीत मात्र ही गल्लत सर्रास होते. "माझ्या फोनला दिवसाला दोन गिगाबाइटचा वेग आहे", असे कोणी म्हणतो. दुसरा तक्रार करतो की शंभरची जोडणी घेतली, पण पडद्यावर साडेबाराच दिसतात. पहिल्याने साठ्याला वेग म्हटले आहे. दुसऱ्याची तक्रार मुळी तक्रारच नव्हे. त्याने फक्त एक भागाकार करावयाचा राहिला आहे. तो भागाकार कोणता, आणि माहितीच्या वेगाची निरनिराळी मापे एकमेकांत कशी बदलावयाची, ते या पाठात पाहू.

बिट आणि बाइट

माहितीचे सर्वांत लहान माप म्हणजे बिट. बिट म्हणजे 'होय' किंवा 'नाही', '१' किंवा '०' यांपैकी एकाची निवड. अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या संदेशवहनाच्या सिद्धांतात हा शब्द वापरला. तो सुचविला होता जॉन ट्यूकी या त्यांच्या सहकाऱ्याने. दोन बिटांनी चार, तीन बिटांनी आठ, पाच बिटांनी बत्तीस आणि आठ बिटांनी २५६ निरनिराळ्या खुणा दर्शविता येतात.

आठ बिटांचा गट म्हणजे एक बाइट. संगणकातील साठा बाइटमध्ये मोजण्याची पद्धत आहे, आणि तारेतून किंवा हवेतून जाणाऱ्या माहितीचा वेग बिटमध्ये मोजण्याची. सारा घोटाळा येथूनच सुरू होतो. रोमन लिपीत संक्षेप लिहिताना बिटसाठी छोटा 'बी' आणि बाइटसाठी मोठा 'बी' लिहितात. जाहिरातीतला तो छोटा 'बी' नजरेतून निसटला, की उत्तर आठपटीने चुकते. आपल्या देवनागरीत तर छोटे-मोठे अक्षर नाहीच. 'एमबीपीएस' असे लिहिले तर ते बिट की बाइट हे कळावयास मार्ग नाही. म्हणून या पाठात आपण 'मेगाबिट' आणि 'मेगाबाइट' असे पूर्ण शब्द लिहिणार आहोत. तुम्हीही वहीत तसेच लिहा.

तारायंत्राचे माप : शब्द आणि बॉड

माहितीचा वेग मोजण्याची गरज संगणकाच्या कितीतरी आधी भासली. तारमास्तर मोर्सच्या लिपीत कट्ट-कड असा संदेश पाठवी, तेव्हा त्याचा वेग मिनिटाला इतके शब्द असा सांगत. पण शब्द तर लहानमोठे असतात, मग माप कसे ठरवावयाचे? त्यासाठी 'पॅरिस' हा इंग्रजी शब्द प्रमाण मानला गेला. मोर्स लिपीत एका टिंबाचा काळ हे एक एकक धरतात. रेघ तीन एककांची, एका अक्षरातील दोन खुणांमध्ये एक, दोन अक्षरांमध्ये तीन आणि दोन शब्दांमध्ये सात एककांची विश्रांती असते. या हिशेबाने 'पॅरिस' हा शब्द, त्यामागील विश्रांतीसह, बरोबर ५० एककांचा होतो.

मिनिटाला २० शब्द हा चांगल्या तारमास्तराचा वेग धरू. म्हणजे मिनिटाला २० × ५० = १००० एकके. एका एककास ६० ÷ १००० = ०.०६ सेकंद लागतो. आता 'विंचूर' हे नाव रोमन लिपीतील सात अक्षरांत पाठवावयाचे आहे. त्याची अक्षरे अनुक्रमे ९, ३, ५, ११, ७, ७ आणि ७ एककांची आहेत. त्यांची बेरीज ४९. अक्षरांमधील सहा विश्रांतींची १८ एकके मिळविली की ६७. म्हणून लागणारा वेळ ६७ × ०.०६ = ४.०२ सेकंद. गावाचे नुसते नाव पाठविण्यास चार सेकंद!

यापुढचे पाऊल फ्रान्सच्या एमिल बोदो यांनी टाकले. ते तारखात्यातील अभियंते होते. १८७४ साली त्यांनी आपल्या छपाई करणाऱ्या तारायंत्राचे एकस्व घेतले. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक अक्षरास पाच खुणा, म्हणजे पाच बिट लागत. मोर्सप्रमाणे अक्षरे लांब-आखूड नसत. बोदो यांच्या नावावरून 'बॉड' हे एकक आले. सेकंदाला एक खूण म्हणजे एक बॉड.

विसाव्या शतकात कचेऱ्यांतून आणि वृत्तपत्रांतून खडखडणारी टेलिप्रिंटर यंत्रे बहुधा ५० बॉडवर चालत. त्यांत प्रत्येक अक्षराच्या पाच खुणांआधी 'प्रारंभ' अशी एक खूण असे, आणि शेवटी 'समाप्ती'ची दीड खूण. एकूण साडेसात. म्हणून

५० ÷ ७.५ = ६.६७ अक्षरे दर सेकंदाला,
६.६७ × ६० = ४०० अक्षरे दर मिनिटाला.

मोकळ्या जागेसह सरासरी सहा अक्षरांचा एक शब्द धरला, तर मिनिटाला सुमारे ६६ शब्द होतात. 'विंचूर'ची सात रोमन अक्षरे ७ × ७.५ = ५२.५ खुणांत, म्हणजे १.०५ सेकंदात जातात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. साडेसात खुणांपैकी माहितीच्या खुणा पाचच. बाकीच्या अडीच खुणा म्हणजे बारदान. गोणीसकट वजन केले तरी पैसे मिळतात ते निव्वळ कांद्याचे. त्याप्रमाणे वेग ५० असला तरी निव्वळ माहिती दोनतृतीयांश, म्हणजे सेकंदाला ३३ बिटच्या आसपासच जाते. हे बारदान आजच्या अतिवेगवान जोडणीतही सुटलेले नाही.

आणखी एक. बॉड आणि दर सेकंदाचे बिट हे नेहमी सारखे नसतात. एका खुणेला दोनच रूपे असतील तर एक खूण म्हणजे एक बिट. पण खुणेची चार रूपे वापरली तर एका खुणेत दोन बिट मावतात, सोळा रूपे वापरली तर चार. अशा वेळी २४०० बॉडच्या तारेवरून सेकंदाला ९६०० बिट जाऊ शकतात.

भारतातील सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण तिने शिकविलेला हिशेब मात्र आजही तसाच लागू पडतो.

टेलिफोनचे माप : ६४ किलोबिट

टेलिफोनवरील आवाज आकड्यांत बदलावयाचा असेल तर काय करतात? आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला ८००० वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजणी आठ बिटांत लिहितात. म्हणून

८००० × ८ = ६४,००० बिट दर सेकंदाला = ६४ किलोबिट दर सेकंदाला.

असे ३२ मार्ग एकत्र बांधून एक मोठी जोडणी तयार करतात. युरोप आणि भारत यांनी हीच पद्धत स्वीकारली. ३२ × ६४ = २०४८ किलोबिट, म्हणजे २.०४८ मेगाबिट. यांतील ३० मार्ग संभाषणासाठी, आणि उरलेले दोन मेळ राखणे व सूचना पोहोचविणे यांसाठी असतात. येथेही बारदान आहेच!

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या वेळी टेलिफोनवरून मिळणाऱ्या जोडणीचा वेग ९.६ किलोबिट होता. पुढे मोडेम सुधारत ५६ किलोबिटपर्यंत गेले, आणि टेलिफोनच्या ६४ किलोबिटच्या मर्यादेजवळ येऊन थांबले. २००४ सालच्या धोरणात 'ब्रॉडबँड' म्हणवून घेण्यासाठी किमान २५६ किलोबिटची अट होती. २०१३ साली ती ५१२ किलोबिट झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूंच्या तारेने जोडणाऱ्या भारतनेट योजनेचे उद्दिष्ट प्रत्येक ग्रामपंचायतीस किमान १०० मेगाबिट देण्याचे आहे.

हजाराची पायरी

माहितीच्या वेगात किलो, मेगा, गिगा या पायऱ्या नेहमीच्या दशमान पद्धतीच्या आहेत.

कोष्टक १
१ किलोबिट = १,००० बिट
१ मेगाबिट = १,००० किलोबिट = १०,००,००० बिट
१ गिगाबिट = १,००० मेगाबिट = १,००,००,००,००० बिट
१ टेराबिट = १,००० गिगाबिट

म्हणजे एक मेगाबिट म्हणजे दहा लाख बिट आणि एक गिगाबिट म्हणजे शंभर कोटी बिट.

साठ्याच्या मापांत मात्र एक अडचण येते. संगणकाची स्मृती दोनाच्या घातांत बांधलेली असते, आणि दोनाचा दहावा घात १०२४ होतो. तो हजाराच्या जवळचा, म्हणून जुन्या संगणकतज्ज्ञांनी १०२४ बाइटनाच किलोबाइट म्हणावयास सुरुवात केली. हा प्रकार मण-शेरांसारखा झाला. चाळीस शेरांचा मण आणि सोळा आण्यांचा रुपया यांतून भारताने १९५० नंतरच्या दशकात दशमान पद्धत स्वीकारून सुटका करून घेतली. संगणकाच्या जगात मात्र दोन्ही पद्धती शेजारीशेजारी नांदत राहिल्या. १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाने १०२४च्या पायरीसाठी किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावे ठरवून दिली, पण रोजच्या बोलण्यात ती फारशी रुळली नाहीत.

फरक किती पडतो? किलोच्या पायरीवर २.४ टक्के, मेगाच्या पायरीवर सुमारे ४.९ टक्के आणि गिगाच्या पायरीवर सुमारे ७.४ टक्के. पायरी चढत जाऊ तसा फरक वाढतो, कारण १.०२४ ने पुनःपुन्हा गुणावे लागते. घरगुती अंदाजासाठी हा फरक सोडून दिला तरी चालते. पण वेगाच्या मापात १०२४ कधीही आणू नये. तेथे हजारच.

रूपांतराच्या तीन पायऱ्या

कोणतेही रूपांतर पुढील क्रमाने करावे.

पहिली पायरी : साठा आणि वेग दोन्ही बिटमध्ये आणा. बाइटचे बिट करताना ८ ने गुणा.
दुसरी पायरी : किलो, मेगा, गिगा यांपैकी एकच उपसर्ग दोन्हीकडे ठेवा.
तिसरी पायरी : साठ्याला वेगाने भागा, म्हणजे सेकंद मिळतील. किंवा साठ्याला सेकंदांनी भागा, म्हणजे वेग मिळेल.

उदाहरण १. जोडणी १०० मेगाबिटची आहे. सेकंदाला किती मेगाबाइट?
१०० ÷ ८ = १२.५ मेगाबाइट. आरंभी ज्याची तक्रार आपण ऐकली, त्याला पडद्यावर दिसणारे साडेबारा हेच. जोडणी अगदी बरोबर चालली आहे.

उदाहरण २. ३० मेगाबाइटचा एक चित्रपाठ शाळेत उतरवून घ्यावयाचा आहे. किती वेळ लागेल?
३० × ८ = २४० मेगाबिट = २,४०,००० किलोबिट.
२५६ किलोबिटच्या जोडणीवर २,४०,००० ÷ २५६ = ९३७.५ सेकंद, म्हणजे सुमारे साडेपंधरा मिनिटे.
५१२ किलोबिटवर निम्मा वेळ, म्हणजे पावणेआठ मिनिटांहून थोडा अधिक.
२ मेगाबिटवर २४० ÷ २ = १२० सेकंद.
१०० मेगाबिटवर २४० ÷ १०० = २.४ सेकंद.
म्हणजे २००४ सालच्या 'ब्रॉडबँड'वर पाव तासाहून थोडा अधिक वेळ या पाठासाठी वाट पाहण्यातच गेला असता.

उदाहरण ३. फोनला दररोज २ गिगाबाइट मिळतात. हे दिवसभर सारखे वापरले तर सरासरी वेग किती?
२ × ८ = १६ गिगाबिट = १६,०००,००० किलोबिट.
एका दिवसाचे सेकंद २४ × ६० × ६० = ८६,४००.
१६,०००,००० ÷ ८६,४०० = सुमारे १८५ किलोबिट.
आता उलट विचार करा. फोनचा वेग २० मेगाबिट असेल आणि तो सतत पूर्ण वापरला, तर १६,००० ÷ २० = ८०० सेकंदांत, म्हणजे १३ मिनिटे २० सेकंदांत दिवसाचा साठा संपेल. वेग आणि साठा या भिन्न राशी आहेत हे यावरून नीट ध्यानात येते.

पाठ करून ठेवण्याजोगी एक साखळी अशी आहे. एक मेगाबिट दर सेकंदाला म्हणजेच १२५ किलोबाइट दर सेकंदाला, ७.५ मेगाबाइट दर मिनिटाला, ४५० मेगाबाइट दर तासाला आणि १०.८ गिगाबाइट दर दिवसाला. ही साखळी आली, की बाकीची उत्तरे साध्या गुणाकाराने मिळतात.

'विंचूर' या नावाचा प्रवास

आज देवनागरी मजकूर संगणकावर ज्या प्रचलित पद्धतीने पाठवितात, तीत प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. 'विंचूर' या शब्दात व, ऱ्हस्व इकार, अनुस्वार, च, दीर्घ ऊकार आणि र अशी सहा चिन्हे आहेत. ६ × ३ = १८ बाइट, आणि १८ × ८ = १४४ बिट. बारदान सोडून फक्त नावाचे बिट धरले, तर वेळ असा लागेल :

कोष्टक २
मोर्सचे तारायंत्र, मिनिटाला २० शब्द (रोमन अक्षरे) – ४.०२ सेकंद
टेलिप्रिंटर, ५० बॉड (रोमन अक्षरे) – १.०५ सेकंद
९.६ किलोबिट – १५ सहस्रांश सेकंद
६४ किलोबिट – २.२५ सहस्रांश सेकंद
२ मेगाबिट – ७२ लक्षांश-दशांश, म्हणजे दहा लाखांश सेकंद
१०० मेगाबिट – १.४४ दहा लाखांश सेकंद

मोर्सच्या यंत्राने ते नाव एकदा जाते तेवढ्या वेळात १०० मेगाबिटच्या तारेवरून ते सुमारे २८ लाख वेळा जाऊ शकते. ४.०२ ला ०.००००० १४४ ने भागून हे स्वतः पडताळून पाहा.

हिशेबाने काय साधते?

हा केवळ गणिताचा खेळ नव्हे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पिकाचे छायाचित्र घेऊन नोंद पाठवावयाची, आणि ती सातबाऱ्यावर चढावयाची, अशी ही योजना. २०२३ साली राज्य शासनाने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या लाल कांद्यास क्विंटलमागे ३५० रुपये, एका शेतकऱ्यास अधिकात अधिक २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केले. ३५० × २०० म्हणजे ७०,००० रुपये. त्या अर्जासाठी सातबाऱ्यावरील कांद्याची नोंद मागण्यात आली होती. म्हणजे शिवारातून एक छायाचित्र जाते की नाही, यावर घरातील मोठी रक्कम अवलंबून असू शकते.

समजा छायाचित्र ३ मेगाबाइटचे आहे आणि शिवारात माहिती वर पाठविण्याचा वेग फक्त १२८ किलोबिट मिळतो. ३ × ८ = २४ मेगाबिट = २४,००० किलोबिट. २४,००० ÷ १२८ = १८७.५ सेकंद. तीन मिनिटांहून अधिक! तेवढ्यात जोडणी तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. आता कॅमेऱ्यात लहान आकार निवडून तेच चित्र ३०० किलोबाइटचे केले, तर २४०० ÷ १२८ = १८.७५ सेकंद. किंवा जेथे १ मेगाबिट मिळते अशा ठिकाणी, रस्त्यावर वा घरी, येऊन मूळचेच चित्र पाठविले तर २४ सेकंद. घरातील वडीलधाऱ्यांना हे सांगू शकेल असा एक विद्यार्थी प्रत्येक घरात असला, तर कित्येक हेलपाटे वाचतील.

यातून आणखी एक गोष्ट शिकावयाची. माहिती उतरविण्याचा वेग आणि वर पाठविण्याचा वेग हे बहुधा वेगवेगळे असतात. जाहिरातीत ठळक छापलेला असतो तो उतरविण्याचा. अर्ज, छायाचित्र, परीक्षेचे आवेदन हे सारे वर पाठवावयाचे असते. म्हणून दोन्ही वेग विचारून घ्यावेत.

पूर्ण वेग का मिळत नाही?

हिशेबाने आलेल्या वेळेपेक्षा प्रत्यक्षात वेळ थोडा जास्तच लागतो. त्याची मुख्य कारणे दोन.

पहिले कारण बारदान. माहिती पाकिटांत भरून पाठवितात, आणि प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता, क्रमांक वगैरे मजकूर असतो. १५०० बाइटच्या पाकिटात असा मजकूर सामान्यतः ४० बाइटचा असतो. निव्वळ माहिती १४६० बाइट, म्हणजे सुमारे ९७ टक्के. टेलिप्रिंटरच्या ६७ टक्क्यांशी याची तुलना करा.

दुसरे कारण वाटणी. १०० मेगाबिटच्या एका जोडणीवर शाळेतील २५ संगणक एकाच वेळी काम करू लागले, तर प्रत्येकाच्या वाट्यास सरासरी ४ मेगाबिटच येतात. भुईकाटा एकच आणि गाड्या अनेक अशी ही स्थिती. म्हणूनच मोबाइलचा वेग पहाटे अधिक आणि संध्याकाळी कमी भासतो.

कबुतर जिंकले!

सप्टेंबर २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एक गमतीदार शर्यत झाली. विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला ४ गिगाबाइटचे स्मृतिकार्ड बांधून त्याला सुमारे ८० किलोमीटर दूर डर्बनकडे सोडले. त्याच वेळी तीच माहिती तारेवरून पाठविण्यास सुरुवात केली. कबुतर १ तास ८ मिनिटांत पोहोचले. कार्डावरील माहिती संगणकात उतरविण्याचा वेळ धरून एकूण २ तास ६ मिनिटे ५७ सेकंद लागले. तोवर तारेवरून जेमतेम ४ टक्के माहिती गेली होती.

दोघांचे वेग काढू. ४ × ८ = ३२ गिगाबिट = ३२,००० मेगाबिट. वेळ ७६१७ सेकंद. कबुतराचा वेग ३२,००० ÷ ७६१७ = ४.२ मेगाबिट. तारेचा वेग त्याच्या ४ टक्के, म्हणजे ०.१६८ मेगाबिट किंवा १६८ किलोबिट. कबुतर २५ पट वेगवान!

असाच हिशेब आपल्याकडे करू. ६४ गिगाबाइटचे कार्ड खिशात घालून एखादा मोटारसायकलस्वार विंचूरहून लासलगावास गेला आणि समजा २० मिनिटे लागली. ६४ × ८ = ५१२ गिगाबिट = ५,१२,००० मेगाबिट, वेळ १२०० सेकंद. वेग सुमारे ४२७ मेगाबिट. १०० मेगाबिटच्या तारेच्या चौपटीहून अधिक!

मग तार कशाला हवी? कारण मोटारसायकलवरील पहिला बिटदेखील वीस मिनिटांनीच पोहोचतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून २०० किलोमीटरवर पहिला बिट एका सहस्रांश सेकंदात पोहोचतो. याउलट भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. तेथे जाऊन परत यावयास ७२,००० किलोमीटरचा प्रवास, म्हणजे जवळजवळ पाव सेकंद. वेग आणि विलंब या दोन भिन्न गोष्टी आहेत. चित्रपट उतरविण्यास वेग महत्त्वाचा, तर संभाषणास किंवा चालू लिलावातील बोलीस विलंब कमी असणे महत्त्वाचे.

करून पाहा

ज्याचा आकार ठाऊक आहे अशी एक फाइल शाळेच्या संगणकावर उतरवा. घड्याळाने सेकंद मोजा. आकार मेगाबाइटमध्ये, म्हणून त्यास ८ ने गुणून सेकंदांनी भागा. हा तुमच्या जोडणीचा प्रत्यक्ष वेग मेगाबिटमध्ये. हाच प्रयोग सकाळी, दुपारी आणि सायंकाळी करून आलेख काढा, आणि करारात लिहिलेल्या वेगाशी तुलना करा. शिक्षकांनी वर्गाचे गट पाडून वेगवेगळ्या जोडण्या मोजावयास दिल्यास चर्चा अधिक रंगेल.

स्वाध्याय

१. ४० मेगाबिटची जोडणी सेकंदाला किती मेगाबाइट देईल?
२. ६०० मेगाबाइटचा चित्रपट ८ मेगाबिटच्या जोडणीवर किती वेळात उतरेल?
३. टेलिफोनच्या ६४ किलोबिटच्या एका मार्गात सेकंदाला ५० बिटचे किती टेलिप्रिंटर संदेश मावतील? (बारदान सोडून द्या.)
४. दररोज १.५ गिगाबाइट साठा १० मेगाबिटच्या सतत वेगाने किती वेळात संपेल? दिवसभर पुरवावयाचा तर सरासरी वेग किती ठेवावा?
५. जोडणी ५ मेगाबिटची आहे आणि पडद्यावर सेकंदाला ६०० किलोबाइट दिसतात. ग्राहकाने तक्रार करावी काय?
६. 'लासलगाव' या शब्दात किती चिन्हे? ५६ किलोबिटच्या मोडेमवरून तो किती वेळात जाईल?

उत्तरे

१. ५ मेगाबाइट.
२. ६०० सेकंद, म्हणजे १० मिनिटे.
३. १२८०.
४. १२०० सेकंद, म्हणजे २० मिनिटे. सरासरी सुमारे १३९ किलोबिट.
५. ६०० × ८ = ४८०० किलोबिट = ४.८ मेगाबिट, म्हणजे ९६ टक्के. बारदान वजा जाता जोडणी ठीक आहे, तक्रारीस जागा नाही.
६. सात चिन्हे, २१ बाइट, १६८ बिट. ३ सहस्रांश सेकंद.